बाबारावजींचा नाका

अमरावतीत खोली शोधत फिरत होतो तेव्हाची गोष्ट. एका घराच्या फाटकाशी लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा बांबू मला आडवा आला. रस्त्यावर नव्हे, घराच्या फाटकावर. बांबूच्या एका टोकाला दगड बांधलेला, दुसऱ्या टोकाला दोरी, आणि ती दोरी थेट ओट्यावर खुर्ची टाकून बसलेल्या माणसाच्या हातात. अंगात बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, कानावर पेन्सिल.

"थांबा. कुठून आले?"

"अकोल्याहून."

"माल काय?"

मी पिशवी उघडून दाखवली. आईनं बांधून दिलेल्या भाकरी, ठेचा, बी.ए.ची पुस्तकं आणि लोणच्याची बरणी.

"पुस्तकं माफ. लोनचं कायचं?"

"लिंबाचं."

"अकोल्याचं लिंबू म्हंजे आपल्याच मुलखातलं. पन शहरात येऊन राह्यलं ना? एक फोड."

त्यांनी उभ्या उभ्या एक फोड तोंडात टाकली, डोळे मिटून आंबटपणा गिळला आणि दोरी ओढली. बांबू करकरत वर गेला. "जा आत. खोली मांगच्या बाजूनं हाय. नळ सकाळी येते."

भाडं नंतर ठरलं. जकात आधी.

हे बाबारावजी गोहत्रे. सगळा मोहल्ला त्यांना काकाजी म्हणायचा, मीही तेच म्हणू लागलो. अकोला रोडवर शहराच्या वेशीशी पूर्वी जकात नाका होता. शहरात येणारा प्रत्येक ट्रक तिथं थांबायचा, माल दाखवायचा, जकात भरायचा आणि मग आत जायचा. काकाजी त्या नाक्यावर कारकून होते. त्यांची उभी नोकरी त्या बांबूखाली गेली. मग एक दिवस सरकारनं जकातच उठवली. टेबल-खुर्च्या कचेरीत गेल्या, टिनाचं शेड भंगारात गेलं. निरोपाच्या दिवशी साहेबांनी शाल आणि नारळ पुढे केला तेव्हा काकाजी म्हणाले, "शाल राहू द्या. बांबू द्या." साहेबांची शालही वाचली. काकाजींनी बांबू ठेल्यावर आडवा टाकला, मागच्या टोकाला लाल फडकं बांधलं आणि भर बाजारातून मिरवत घरी आणला. काकूंनी म्हणे ओवाळायला ताट आणलं होतं. बांबू पाहून त्या ताट घेऊन तशाच आत गेल्या.

त्या दिवसापासून काकाजींच्या मते विदर्भ राज्याची हद्द त्यांच्या फाटकापासून सुरू झाली. बाकीचं राज्य व्हायचं होतं. सुरुवात कुठून तरी व्हायला पाहिजे होती.

आमच्या खानदानात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. हे मी जिथं तिथं सांगतो, कारण ते सांगण्यासारखं आहे. बाप अकोल्याच्या बाजारात भाजी विकतो आणि मी अर्थशास्त्र शिकलो, तेही काकाजींच्या मागच्या खोलीत बसून. त्यामुळं करांवर बोलायचा मला हक्क आहे असं मला वाटायचं. काकाजींना तसं वाटत नव्हतं.

"तुह्या पुस्तकात कर कसा घ्याचा हे लिवलं हाय. कोनाले द्याचा, हे लिवलं हाय का?"

दुकानातून ते काही घेत तेव्हा पाहण्यासारखं असे. पक्क्या बिलावर कराचे दोन भाग असतात, अर्धा देशाचा, अर्धा राज्याचा. देशाच्या अर्ध्याला काकाजींची हरकत नव्हती. "देश आपला हाय. त्याच्यावर वाद नाई." मग राज्याच्या अर्ध्यावर पेन्सिल टेकवून दुकानदाराला विचारत, "हा कोनत्या राज्याचा?"

"काकाजी, मशीन काढते तसं देतो जी मी."

"मशीन मुंबईची हाय का?"

मागं गिऱ्हाइकं ताटकळायची. शेवटी हार्डवेअरवाल्यानं शहाणपणाचा रस्ता काढला. काकाजी आले की तो बिलावर स्वतःच्या हातानं मोठ्या अक्षरात 'विदर्भ' लिहायचा आणि कर पूर्ण घ्यायचा. दोघंही खूश.

पंधरा ऑगस्टला काकाजी ओट्यावर झेंडा लावत, मनापासून सलामी देत आणि जिलेबी वाटत. जिलेबी हातात पडली की भाषण ऐकणं भाग होतं. "देश सोतंत्र झाला, लय चांगलं झालं. पन आमचं काय? वऱ्हाड आधी निजामाचं. निजामानं थे इंग्रजाले लावून देल्लं. मंग मध्यप्रांताच्या खुट्याले बांधलं. मंग मुंबईच्या दावनीले. अरे, गाय बी खुटा बदलतानी हंबरते. आमाले कोनी इचारलं बी नाई!"

असं म्हणून ते खाली बसत आणि काकू आतून म्हणत, "बसले का? मंग जिलेबी खा आता. पाक गळून राह्यला पायजम्यावर."

काकाजींना खरी जोड होती ती सत्तारभाईंची. सत्तारभाई अकोल्याचे, फळांचे व्यापारी. संत्री घ्यायला शेंदूरजनाघाटला जाताना त्यांची गाडी अमरावतीवरून जायची. पूर्वी नाक्यावर, शहरात किती पेट्या उतरल्या यावरून, त्यांची आणि काकाजींची भांडणं व्हायची. नाका उठला, भांडण तेवढं राहिलं. आता ते ठरवून ओट्यावर यायचे. बांबूशी उभे राहून ओरडायचे, "दो संत्री है, हरामखोर! ले तेरी जकात!"

निवडणुकीचे दिवस आले की ओट्याला रंग चढायचा.

"या बारीले आमचा पक्ष येऊ दे, बाबाराव. कर आधा करतो म्हने."

"आधा करन. पन पाठवन कुठी?"

"कुठी का पाठवे ना! मेरे जेब से तो आधाच जाएगा!"

"हेच तं तुमचं गुलामीचं लक्षन हाय, सत्तारभाई. मालक म्हंते फटके कमी मारीन, आन तुमी पेढे वाटता."

"आन तुहा इदर्भ झाला तं फटके नाई पडनार?"

"पडतीन. डबल पडतीन. पन हात आपला राहीन!"

मी मध्ये पडायचो. वेगळ्या राज्याला वेगळा खर्च लागतो, वेगळे मंत्री, वेगळ्या मोटारी, हा पैसा आणायचा कुठून, असं विचारायचो. माझा मुद्दा बिनतोड होता, आजही आहे. त्यावर दोघं एकमेकांकडे बघायचे आणि एकदम एक व्हायचे. "तू अभ्यास कर बे!"

एकदा एका पक्षाची माणसं गल्लीत वचननामा वाटत फिरत होती. काकाजींनी बांबू खाली घेतला.

"माल काय?"

"वचननामा हाय, काकाजी. यंदा करात भरपूर सूट."

काकाजींनी तो गठ्ठा हातावर तोलून पाहिला आणि परत दिला. "जा. याच्यावर जकात नाई. याले वजनच नाई."

नाक्यावर आणखी एक प्रकार असायचा. जो माल शहरात उतरायचा नाही, नुसता पार निघून जायचा, त्याला जकात नव्हती. त्याला फक्त पास द्यायचा आणि बांबू वर करायचा. काकाजी हाही नियम घरी पाळत. पत्ता विचारायला कोणी आलं की म्हणत, "उतरनार नाई ना? पास. जा पुढं."

काकाजींना एकच मुलगी, मीना. शिकायला पुण्याला गेली, तिथंच नोकरीला लागली आणि तिथल्याच मुलाशी लग्न ठरवून घरी आली. एक गोष्ट काकाजींच्या बाजूनं सांगितलीच पाहिजे. मुलाची जात त्यांनी विचारली नाही. विचारलं ते एवढंच, "हद्दीतला हाय का?"

लग्न अमरावतीतच झालं. लग्नाआधी पुण्याची मंडळी घरी आली ती बांबूपाशी अडली. मुलाची आत्या घाबरून म्हणाली, "अहो, हे काय आहे?" काकाजींनी नवरदेवाला पुढं बोलावलं. "'मला मीना पसंत आहे' हे आमच्या बोलीत म्हना, मंग बांबू उठन." पोरगा भला होता. लाजत लाजत म्हणाला, "मले मीना पसन आहे." अख्खी गल्ली हसली, बांबू वर गेला. सगळ्यात जास्त काकाजी हसले. मग मुलगी निघायच्या वेळी कोणीतरी चेष्टेत म्हणालं, "आता काकाजी पुण्याच्या चकरा मारतीन!" आणि रडू आवरायला काहीतरी मोठ्यानं बोलावं लागतं तसं काकाजी भर मांडवात बोलून गेले, "विदर्भ झाल्याबिगर मी हद्द ओलांडनार नाई!"

मीनानं डोळे पुसत म्हटलं, "नका ओलांडू."

झालं. बाप तसा, लेक तशी.

पुण्याच्या गाडीच्या रस्त्यावर आमच्या वऱ्हाडाचं शेवटचं मोठं स्टेशन मलकापूर. त्याच्या पुढं खानदेश लागतो. मीना माहेरी आली की परत जाताना काकाजी तिच्याबरोबर गाडीत बसत, मलकापूरपर्यंत सोबत करत, तिथं उतरत, फलाटावर चहा पीत आणि उलट गाडीनं परत येत. बाकीचे बाप लेकीला स्टेशनवर सोडतात, काकाजी तिला हद्दीवर सोडत. गाडीतले टीसीसुद्धा विचारत, "काकाजी, अजून मलकापूरच?"

एकदा मात्र काकाजींचा डोळा लागला. मीनालाही लागला. जाग आली तेव्हा गाडी भुसावळला उभी होती. काकाजी फलाटावर उतरले, उभ्या उभ्या दुसरी गाडी पकडून परत आले आणि आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत. बातमी सत्तारभाईंनी अकोल्यापर्यंत पोचवली.

"क्या बाबाराव, हद्द पार? कसम तुटली?"

"पाय कुठी ठेवला? चप्पल ठेवली."

त्यावरून सत्तारभाई इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

काकू होत्या तोवर हे सगळं हसण्यावारी चाललं. त्या पुण्याला एकट्या जाऊन येत. निघताना काकाजी बांबू खाली घेऊन त्यांची पिशवी तपासत, "वऱ्हाडातून पुन्याले किती सांडगे चालले?" आणि परत आल्या की रात्रीपर्यंत एकेक गोष्ट विचारत. मीनाचा ओटा केवढा आहे, खिडकीतून काय दिसतं, नातीला दात आला म्हणजे कोणता आला. काकूंच्या तोंडून त्यांनी सगळं पुणं पाहिलं होतं.

मग काकू गेल्या. मी तोवर अकोल्यात नोकरीला लागलो होतो, पण अमरावतीला चक्कर असायचीच. घरात आता एक खुर्ची, एक गॅस आणि बांबू.

मीना दिवाळीला यायची, उन्हाळ्यात यायची. नात रेवा शाळेत जाऊ लागली, तशी बहुतेक उन्हाळ्यातच. महिन्याच्या मुक्कामाचे आठवडे झाले, आठवड्याचे चार-दोन दिवस. गेल्या उन्हाळ्यात आली तेव्हा तिनं बापाला स्पष्ट विचारलं. मी तिथंच होतो.

"बाबा, नवीन घर घेतलं. तुमची खोली काढून ठेवली. काहून नाही येत तुम्ही?"

"विदर्भ होऊ दे."

"आणि नाही झाला तर? तुमचा विदर्भ मोठा की मी?"

काकाजींनी पेन्सिल कानावरून काढली, परत ठेवली. "पुन्यात घरपट्टी लय हाय म्हने," ते म्हणाले.

मीना उठून आत गेली. तिची बॅग दाराशीच होती. चार दिवस बॅग तिथंच उभी होती. लागेल तो कपडा वरून काढायचा आणि पुन्हा चेन लावायची.

परतीच्या दिवशी मलाही अकोल्याला जायचं होतं म्हणून मी त्याच गाडीत बसलो. अकोला आलं तेव्हा मीना मला हळूच म्हणाली, "भाऊ, मलकापूरपर्यंत चाल ना. मले त्याइले एकटं उतरलेलं पाहवत नाही." पुण्याला इतकी वर्षं राहूनही तिचं 'मले' रडवेली झाली की परत येतं. मी बसून राहिलो.

मलकापूर आलं. काकाजींनी रेवाच्या फ्रॉकच्या खिशात संत्र्याच्या गोळ्या घातल्या आणि उतरून तिच्या खिडकीशी उभे राहिले. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही नेहमी इथेच का उतरता? पुढे पण आपलंच आहे ना?"

"पुढं तुहं हाय," काकाजी म्हणाले.

गाडी गेली. परतीच्या गाडीला वेळ होता. दुपारचं ऊन फलाटावर पडलं होतं. मी चहा आणला. त्या दिवशी मी त्यांना सोडायचं नाही असं ठरवलं होतं.

"काकाजी, राग मानू नका. तुमच्या-माझ्या हयातीत विदर्भ होईल असं मला दिसत नाही. मग हे कशासाठी?"

मला वाटलं आता निजामापासून सुरू होईल. त्यांनी चहाचा एक घोट घेतला.

"विदर्भ उद्या झाला तं मोठी पंचाईत होईन बाबू माही," ते म्हणाले. "मंग जा लागन मले."

मला कळेना.

"बुढा हट्टी हाय म्हंतात लोकं. म्हनू दे. हट्टी बापाले भेटाले पोरगी येते. समजदार बाप तिच्याच घरी जाऊन बसते, मंग तिले इकडं याचं काय काम? मी गेलो का हे घर बंद. बंद घर किती दिवस ठेवतीन? इकतीन. मंग अमरावती म्हंजे तिले निस्तं टेशन. गाडी थांबली तं थांबली." त्यांनी कप खाली ठेवला. "तिची माय गेली. आता तिचं माहेर म्हंजे मी आन थो बांबू. तिले पाय ठेवाले एक गाव पायजे का नाई इकडं?"

"मग तिला हे सांगा ना. ती चिडून जाते दर वेळी. सांगितलं तर दर सुट्टीत येईल."

"येईन ना. लगेच येईन." त्यांनी मान हलवली. "उभी जिंदगी जकात घेतली मी. अडवलं का लोकं देतात. सांगून आनली तं थे येनं नाई होत. थे वसुली होते."

मग म्हणाले, "यंदा ब्याग नाई उघडली तिनं. पाह्यलं का तू? निस्ता पास घेऊन पार झाली."

पुढच्या दिवाळीला मीना आली नाही. रेवाचे क्लास, जावयाची कामं. यंदाच्या उन्हाळ्यातही नाही. फोनवर म्हणते, "बाबा, तुम्हीच या ना आता." काकाजी म्हणतात, "पाहू." पूर्वी ते 'विदर्भ होऊ दे' म्हणायचे. हा फरक मीनाला कळला की नाही, मला माहीत नाही. मलकापूरच्या गोष्टी मी तिला सांगितल्या नाहीत. त्या माझ्या नव्हत्या. पण तोंडाशी येतात, आणि तशाच राहतात.

सत्तारभाई मला बाजारात भेटले. म्हणाले, "मैंने बोला उसको, चल, मेरी गाडी में. आँखें बंद कर ले, हद्द कवा गेली थे सांगतच नाई तुले. सीधा पोरीच्या दारात उतार."

"मग?"

"काई नाई. मंग मी मुद्दाम चिडवला. म्हनलं, बाबाराव, तेरा इदर्भ-फिदर्भ कुछ नहीं होनेवाला." सत्तारभाईंनी हातातलं संत्रं उगाच फिरवलं. "तं म्हंते, 'नसन होत.' बस. 'नसन होत.' इतनी उमर झगडा किया यार मैंने उसके साथ, ऐसा कभी नहीं बोला वो."

गेल्या रविवारी मी अमरावतीला गेलो. बापानं काकाजींसाठी गवार दिली होती. फाटकाशी आलो आणि सवयीनं थांबलो. बांबू खाली नव्हता. वर उचललेला होता आणि दोरी कडुलिंबाच्या फांदीला गाठ मारून बांधून टाकली होती. बांबू उघडा टाकून नाक्यावरून हलणारा कारकून काकाजींच्या लेखी चोर होता. हे त्यांनीच मला शंभरदा सांगितलेलं.

ते ओट्यावर होते. कानावर पेन्सिल होती. रस्त्याच्या टोकाकडे, जिथं स्टेशनवरून येणारे ऑटो वळतात, तिकडे बघत होते.

"काकाजी, अकोल्याची गवार हाय," मी बाहेरूनच ओरडलो. "जकात बोला!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखायला क्षणभर लागला.

"ये ना बे आत," ते म्हणाले. "मोकळंच ठेवलं हाय."